डमी उघडली की आधी 40 मोज

भावा, ब्रिजमध्ये तू डिक्लेररच्या (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याच्या) विरोधात असलास, तर डमी, म्हणजे त्याच्या जोडीदाराची पानं, टेबलावर उघडली की लगेच पान टाकू नकोस. गड्डीत पॉइंट 40: एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. समज, डिक्लेरर 15 ते 17 पॉइंटवर एक नो-ट्रंप (बिनहुकमाची बोली) बोललाय, डमीत 10, तुझ्याकडं 7. जोडीदाराकडं उरले 6 ते 8. त्यानं बदामचा एक्का आणि राणी दाखवली, म्हणजे इस्पिकचा राजा त्याच्याकडं असूच शकत नाही. मग त्याच्या भरवशावर इस्पिक कशाला खेळायचं?

कोल्हापुरात मेंढीकोट खेळत वाढलेल्या आपल्यासारख्यांना एक्का आपटायची लई घाई असते. ती सोड. तुझ्याकडचा राजा कधी राखायचा तेही आधीच ठरव, ऐनवेळी अडखळलास तर डिक्लेररला सुगावा लागतो. आणि जोडीदार चुकला तरी बोलायचं ते डाव संपल्यावर.