कळलंय तेवढं पाळ

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून अस्वस्थ झालो. बाप्तिस्मा झाला, दृढीकरणात विश्वासाची जाहीर कबुली दिली, स्तोत्रं पाठ आहेत, आणि आता उपासनेत बसल्यावर आत काहीच हलत नाही. मग मी ख्रिस्ती आहे, की नुसती ख्रिस्ती घरात जन्मले, असं विचारतेस. प्रश्न रास्त आहे. बाप्तिस्मा देणारा योहान यहुद्यांना हेच तर सुनावत होता : मूळपुरुष अब्राहाम आमचा बाप आहे असं मनात आणू नका, देव या दगडांतूनही अब्राहामाला मुलं देऊ शकतो.

पण उत्तर तू भलत्याच ठिकाणी शोधते आहेस. तू सारखी स्वतःचं मन चाचपून पाहतेस. मी वेगळं विचारतो. येशूने सांगितलं म्हणून, केवळ म्हणूनच, अलीकडे एखादी गोष्ट केलीस का?

योहानाच्या शुभवर्तमानातलं ७:१७ उघड. देवाच्या इच्छेप्रमाणे करायची ज्याची तयारी आहे, त्याला ही शिकवण देवाची आहे की नाही ते कळेल. क्रम बघ. आधी करायची तयारी, मग कळणं. आपण उलटे चालतो : आधी खात्री पटू दे, मग बघू. अशाने खात्री जन्मात पटायची नाही. कळलंय तेवढं पाळ.

शंकांचं म्हणशील तर असू देत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप विश्वास आणि अविश्वास एका दमात कबूल करतो, तरी त्याचा मुलगा बरा होतो. १७३८ च्या मार्चमध्ये जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाची खात्री झाली की आपल्यात विश्वास नाही, तेव्हा प्रवचन तरी कोणत्या तोंडाने करावं? त्याचा मित्र, मोरेव्हियन पंथाचा उपदेशक पीटर बोलर, याने त्याला थांबू दिलं नाही. हृदयाला ऊब जाणवल्याचं वेस्लीने लिहिलं ते त्याच वर्षीच्या २४ मेबद्दल. तुझ्या कोरडेपणाची मला भीती वाटत नाही. तू हातावर हात ठेवून बसली आहेस, त्याची वाटते.

आणि कर्मांनी तारण होत नाही हे मला ऐकवू नकोस. इफिसकरांस २:८-९ मलाही पाठ आहे. पुढचं दहावं वचनही वाच : सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला घडवलं आहे. आपण नवव्यावरच का थांबतो कोण जाणे!

मला लोक हटवादी म्हणतात. वडिलांच्या घरावरून थोरल्या भावाशी बिनसलं होतं, तेव्हा समेट होईपर्यंत मी उपासनेतलं प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नाही. मंडळीत कुणी म्हणालं, दिखावा करतोय. कुणी म्हणालं, इतकं शब्दशः घ्यायचं नसतं. अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, हे मत्तय ५:२३-२४ शब्दशः घ्यायचं नाही तर कसं घ्यायचं, हे मात्र आजवर कुणी सांगितलं नाही. भावाने आधी दार लावून घेतलं, पुढे उघडलं. मी केलं ते बरोबरच होतं, आजही तसंच करीन. खंत एवढीच, की आई हयात असताना गेलो नाही.

आज रात्री येशूचं डोंगरावरचं प्रवचन एका बैठकीत वाच. मत्तयाचे ५ ते ७ अध्याय, १११ वचनं, अर्धा तासही लागत नाही. शेवटी दोन घरं बांधणारे भेटतील. दोघांनीही वचन ऐकलेलं असतं. एक पाळतो, दुसरा पाळत नाही, बाकी फरक नाही. तेव्हा सगळं समजेपर्यंत थांबू नकोस, कळलंय तेवढं पाळ.

पत्राच्या शेवटी ओघात लिहिलंस, की एका मैत्रिणीशी बोलणं बंद आहे, आणि लगेच पुन्हा कोरडेपणावर आलीस. अगं, सगळं पत्र त्या एका ओळीत होतं! तिचं चुकलं असेलही. वचनात चूक कुणाची हा प्रश्नच नाही. तिच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर उठून तू जायचं, एवढंच आहे. फोनवर भागवू नकोस. रविवारच्या आधी जा. तिथे काय वाटलं ते मला लिहू नकोस, गेलीस की नाही तेवढं कळव.