वाचकांचे प्रश्न : ऑटोमॅटिक घड्याळाला वाइंडर हवा का?

प्रश्न : माझ्याकडे तीन ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी, मनगटी घड्याळे आहेत. एक रोज हातावर असते, दुसरे समारंभापुरते आणि वडिलांकडून आलेले तिसरे महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर निघते. न वापरलेली दोन्ही घड्याळे दोन दिवसांत बंद पडतात. माझ्या निवृत्तीनिमित्त मुलांनी मला तीन घड्याळे बसतील असा वाइंडर (घड्याळे विजेवर फिरवत ठेवून चालू राखणारी पेटी) भेट देण्याचे ठरवले आहे, कारण घड्याळ बंद राहिले की आतले तेल गोठते आणि यंत्र निकामी होते, असे एका विक्रेत्याने त्यांना सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : मुलांच्या हौसेवर विरजण घालण्याची इच्छा नाही, तरीही स्पष्टच लिहितो. आपल्या तीन घड्याळांपैकी एकालाही वाइंडरची गरज नाही, आणि तेलाचे जे कारण सांगितले गेले ते आजच्या घड्याळांना लागू पडत नाही.

ही भीती पूर्वी मात्र निराधार नव्हती. एकेकाळी घड्याळात प्राणिज तेल घालत असत. पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्याच्या जबड्यातून काढलेले तेल त्या कामासाठी विशेष नावाजलेले होते. असे तेल काही वर्षांत चिकट होई आणि चाके जड फिरू लागत. आता सर्वत्र कृत्रिम तेले वापरली जातात. तीही कालांतराने जुनी होतात, परंतु घड्याळ चालत असो वा बंद असो, काळ दोघांसाठी सारखाच सरतो. म्हणून तर काही उत्पादक ५ ते ८ वर्षांनी आणि रोलेक्ससारखे उत्पादक सुमारे १० वर्षांनी सर्व्हिसिंग करून घेण्याचा सल्ला देतात. वाइंडरवर ठेवल्याने ते टळत नाही.

उलट बाजूचा हिशेबही पाहावा. आजची बरीचशी ऑटोमॅटिक यंत्रे तासाला २८,८०० ठोके देतात. म्हणजे दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला २५ कोटींहून अधिक. महिन्यातून एकदा हातावर येणारे घड्याळ वाइंडरवर चढवले की हे सगळे ठोके ते कोणी वेळ पाहत नसतानाही देत राहते. यंत्र त्यासाठीच बनलेले असल्याने त्यात अनर्थ काही नाही, पण जी झीज सहज टाळता आली असती ती आपण वीज खर्चून विकत घेतो, एवढे मात्र खरे.

आता आपल्या वडिलांच्या घड्याळाविषयी, कारण माझ्या मते आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. त्याचे शेवटचे सर्व्हिसिंग केव्हा झाले हे ठाऊक नसेल, तर ते वाइंडरवर मुळीच ठेवू नये. तेल सुकलेले असताना यंत्र रात्रंदिवस फिरत राहिले की चाकांच्या सुईसारख्या बारीक टोकांवर चरे पडतात, आणि ते टोक बसते त्या जागीही घासण होते. बंद घड्याळ कपाटात पडून राहिल्याने एवढे नुकसान होत नाही. वाइंडरसाठी ठरवलेली रक्कम मुलांनी या एका घड्याळाच्या सर्व्हिसिंगवर खर्च केली, तर भेटही होईल आणि आपल्या वडिलांची आठवणही नीट चालेल.

वाइंडरच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. बंद पडलेले घड्याळ पुन्हा लावायचे म्हणजे दर वेळी चावी ओढणे, फिरवणे, दाबणे आले; काही पाणीरोधक घड्याळांत चावीचे आटेही सोडावे आणि आवळावे लागतात. घड्याळात धूळ आणि दमट हवा शिरण्याची मुख्य वाट चावीचीच असते. १९२० च्या दशकात जॉन हारवुड या इंग्रज कारागिराने ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ बनवले, तेव्हा त्याने बाहेरची चावीच काढून टाकली होती आणि काटे लावण्यासाठी काचेभोवतीचे कडे फिरवण्याची सोय केली होती. त्याची चिंता योग्य होती. मात्र आज चावीवरील रबरी कडी सर्व्हिसिंगच्या वेळी बदलता येते, आणि आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने चावी फिरवल्याने कोणत्याही चांगल्या घड्याळाचे काही बिघडत नाही.

बंद घड्याळ सुरू करण्याची पद्धतही सांगून ठेवतो, कारण झटके देऊन सुरू करण्याची सवय फार पसरलेली आहे. चावी देता येत असेल तर २० ते ४० वेढे द्यावेत आणि मगच घड्याळ हातावर चढवावे. सेइकोच्या ७एस२६ सारख्या काही यंत्रांना चावी देता येत नाही, ती काही वेळ सावकाश डावी-उजवीकडे हलवावी लागतात. तारीख झटपट बदलण्याची सोय रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत वापरू नये, कारण तेव्हा तारखेची चाके एकमेकांत अडकलेली असतात आणि जोर दिल्यास एखादा दात तुटू शकतो. घड्याळातील वेळ दिवसाची की रात्रीची हे बंद घड्याळाकडे पाहून कळत नाही, म्हणून काटे आधी सहाच्या आसपास न्यावेत, तारीख आदल्या दिवसाची लावावी आणि मग काटे पुढे फिरवत आजपर्यंत यावे. या सगळ्याला दोन मिनिटे लागतात. मला तर ही दोन मिनिटे आवडतात. पण आवडीनिवडीचा सल्ला प्रश्नोत्तराच्या सदरात देऊ नये.

प्रश्न : माझ्या एका घड्याळात तारीख, वार, महिना, लीप वर्ष आणि चंद्रकला असे सगळे आहे. ते बंद पडले की पुन्हा लावताना माझी तारांबळ उडते. अशा घड्याळासाठी वाइंडर घ्यावा काय?

उत्तर : येथे माझे उत्तर बदलते, आणि निःसंकोच 'होय' असे आहे.

ज्याला पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणतात त्या घड्याळाला महिना ३० दिवसांचा की ३१ चा हे कळते, फेब्रुवारी केव्हा २८ चा आणि केव्हा २९ चा हेही कळते. सतत चालू ठेवले, तर बहुतेक अशा घड्याळांची तारीख १ मार्च २१०० पर्यंत हाताने दुरुस्त करावी लागत नाही. २१०० हे वर्ष चारने भाग जात असूनही लीप वर्ष नाही, म्हणून तेथे ती चुकतात. मात्र हा सगळा हुशारपणा घड्याळ चालू असेपर्यंतच टिकतो. ते बंद पडले की केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, कडेला असलेल्या खोलगट बारीक बटणांवर टोकदार काडीने एकेक दर्शक पुढे न्यावा लागतो. काही बनावटींमध्ये हे सारे एकाच चावीला जोडलेले असते, पण ती केवळ पुढेच जाते. १९८५ साली आलेले आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचे दा विंची हे असे घड्याळ. त्यात चुकून दिवस पुढे गेला, तर तो दिवस प्रत्यक्ष उजाडेपर्यंत घड्याळ बंद ठेवून वाट पाहणे हाच सोपा उपाय उरतो.

चंद्रकलेचे चाकही तसेच. साधारणतः त्याला ५९ दात असतात आणि त्यावर दोन चंद्र रंगवलेले असतात. म्हणजे एका चंद्रमासाला साडेएकोणतीस दिवस धरलेले असतात. खरा चंद्रमास त्याहून किंचित मोठा असल्याने सुमारे अडीच वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. तो सहज खपतो. पण घड्याळ दहा दिवस बंद राहिले की चंद्र पंचांगाशी ताडून पुन्हा बसवावा लागतो. असा प्रसंग दर पंधरवड्याला येणार असेल, तर वाइंडर आपले काम चोख करील. मात्र केवळ तारीख दाखवणाऱ्या घड्याळासाठी हे कारण पुढे करू नये.

प्रश्न : वाइंडर घेऊन झाला आहे. त्यावर फेऱ्यांची संख्या आणि दिशा निवडण्याची सोय आहे, पण काय निवडावे ते कळत नाही. रात्रंदिवस फिरल्याने स्प्रिंग जास्त आवळली जाऊन तुटेल का?

उत्तर : तुटणार नाही. ऑटोमॅटिक घड्याळात मुख्य स्प्रिंगचे बाहेरचे टोक ती ज्या डबीत बसवलेली असते त्या डबीला पक्के जोडलेले नसते. स्प्रिंग पूर्ण भरली की ते टोक डबीच्या भिंतीवरून घसरते. तरी उगाच जास्त फेऱ्या देऊ नयेत, कारण हे घसरणेही घर्षणच असते, आणि रोटरची, म्हणजे घड्याळ हलले की फिरणाऱ्या आतल्या वजनाची, हालचाल स्प्रिंगपर्यंत पोचवणारी छोटी चाकेही झिजतात.

बहुतेक यंत्रांना दिवसाला ६५० ते ८०० फेऱ्या पुरतात. सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करावी. घड्याळाला चावी देऊन ते वाइंडरवर ठेवावे आणि चार दिवस तसेच राहू द्यावे. पहिले दोन दिवस ते आधीच्या चावीवरही चालेल, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नये. चौथ्या दिवशीही ते चालू असेल तर फेऱ्या पुरेशा आहेत. दिशा यंत्रावर अवलंबून असते. ईटीए २८२४ हे यंत्र रोटर कोणत्याही बाजूला फिरला तरी भरते; क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांत, सर्रास आढळणारे वाल्जू ७७५० हे यंत्र एकाच दिशेने भरते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिशा पाहावी, आणि ती न सापडल्यास दोन्ही दिशा आलटून पालटून ठेवाव्यात.

आणखी एक तपासणी जरूर करावी, जी विक्रेते सहसा सुचवत नाहीत. वाइंडर चालू करून घड्याळ बसते त्या जागी साधे होकायंत्र धरावे. सुई लक्षणीय डोलू लागली, तर मोटारीचे चुंबकत्व तेथवर पोचते आहे असे समजावे. चुंबकत्वाने घड्याळाची गती राखणाऱ्या, केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटू लागतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटेसुद्धा पुढे पळते. झाकण बंद करण्यासाठी पेटीला लोहचुंबक बसवलेला असेल तर तोही पाहावा. घड्याळ चुंबकित झालेच, तर कारागिराकडे ते काही सेकंदांत पूर्ववत होते.

प्रश्न : चावीच्या जुन्या घड्याळांसाठी वाइंडर चालेल का?

उत्तर : नाही. त्यांत रोटरच नसतो. वाइंडर घड्याळाला भोवती फिरवतो आणि जड रोटर गुरुत्वाकर्षणाने खालीच राहतो, या दोन गोष्टींतून स्प्रिंग भरते. रोटर नसलेले घड्याळ त्यावर नुसते गिरक्या घेत राहील. त्याला रोज सकाळी ठरावीक वेळी, हाताला अडसर जाणवेपर्यंत चावी द्यावी आणि तेथे थांबावे.