ट्रेलर पुन्हा कापायला बसण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

तुझा अडीच मिनिटांचा ट्रेलर मी तीनदा पाहिला. दुसऱ्यांदा आवाज बंद करून आणि तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून. सोबतचे टिपणही वाचले. वेळ कमी पडला, माईक खरखरत होता, हे खरेच असेल. पण अशा टिपणात अडचणींपेक्षा निर्णय वाचायला मिळावेत. अमुक शॉट तिथे का ठेवलास आणि आज तो तिथे का ठेवणार नाहीस, हे लिही.

एस.टी. कंडक्टरच्या निवृत्तीच्या दिवसावरचा तुझा लघुपट अवघा अठरा मिनिटांचा आहे आणि ट्रेलरमध्ये तू त्याची गोष्ट क्रमाने शेवटपर्यंत सांगून टाकली आहेस. एक मिनिट पन्नासाव्या सेकंदाला वडील, म्हणजे तो कंडक्टर, रिकाम्या बसमध्ये बसून रडतात. ज्या क्षणासाठी प्रेक्षकाने सतरा मिनिटे तुझ्याबरोबर प्रवास करायचा, तो क्षण तू त्याला फाटकातच देऊन टाकलास. हा शॉट काढ. तो तुझा सर्वांत चांगला शॉट आहे, म्हणूनच काढ.

मग भावना पोहोचणार कशी, असे तू विचारशील. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाडग्याला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, तर कधी दुःख दिसले, असे सांगतात. तुझ्याकडेही असा चेहरा आहे. सत्तेचाळिसाव्या सेकंदाला वडील खिडकीबाहेर पाहतात. आधी डेपोचे फाटक दिसल्यामुळे ते नुसते एक प्रवासी वाटतात. फाटकाऐवजी खिळ्यावर टांगलेला तो खाकी शर्ट ठेवून पाहा आणि चेहरा आणखी बारा फ्रेम धर. सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबाने हा अर्धाच सेकंद होतो, पण त्या अर्ध्या सेकंदात वडिलांची पापणी लवते आणि तू नेमका त्याच्या आधी कट मारला आहेस.

ढोलांचे तयार पार्श्वसंगीत आणि 'एक बाप, एक नोकरी' या पाट्या काढून टाक. चित्र जे बोलते आहे तेच त्या मोठ्याने बोलतात. तुझ्याजवळ त्याहून फार मोलाचा आवाज आहे. मुलगा कपाटातला जुना तिकीट-पंच हातात घेऊन दाबतो, ती टिक-टिक. पडदा काळा असतानाच ती ऐकू येऊ दे, चित्र मागाहून येऊ दे, आणि पुढचे कट तिच्या ठेक्यावर बसव.

नवा कट चित्रपट न पाहिलेल्या दोघा-तिघांना दाखव, पण आवडला का, असे विचारू नकोस. पुढे काय होईल असे वाटते, एवढेच विचार आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. सगळ्यांनी शेवट अचूक सांगितला, तर अजून कापायला हवे.

जुनी टाइमलाइन, म्हणजे संकलनात लावलेली शॉटची मांडणी, पुसू नकोस. तिची प्रत करून नव्या नावाने काम कर आणि दोन्ही कट नव्या टिपणासह गुरुवारपर्यंत पाठव. पंचाचा आवाज नव्याने रेकॉर्ड करायचा असेल, तर माझा माईक घेऊन जा. रात्री, रस्ता शांत झाल्यावर आणि पंखा बंद ठेवून कर.

तुझा,
शिक्षक