पूलच्या पंपाचा टायमर वेळ चुकवतो आणि कधी पंप बंदच होत नाही. दुरुस्त करावा की बदलावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की फैजपूरकडे वावरातल्या घराशेजारी छोटा स्विमिंग पूल आहे, १ एचपीचा सिंगल फेज पंप आहे. टायमर सकाळी सहाला लावलाय, पण पंप कधी आठला सुरू होतो, कधी दहाला. आणि गेल्या आठवड्यात तो दिवसभर बंदच झाला नाही. मी भुसावळला मोटर वायंडिंग आणि पॅनलची कामं करतो. माझ्या मते तुमच्या टायमरला हे दोन वेगवेगळे आजार आहेत.

वेळ मागे पडते ती लाइट जाते म्हणून. तबकडीवाल्या साध्या टायमरमधलं घड्याळ लाइनच्या ५० हर्ट्झवर चालतं. लाइट दोन तास गेली की घड्याळही दोन तास थांबतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही बिघडलेलं नसतं. आपल्याकडे आत बॅटरी असलेलाच टायमर घ्यावा, तबकडीचा असो की डिजिटल.

पंप बंद न होणं मात्र गंभीर आहे. मेन एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, टायमरच्या आउटपुटची वायर सोडवा. तबकडी ‘बंद’वर ठेवून टायमरच्या इनपुट-आउटपुट टर्मिनलवर मल्टिमीटर बीपवर (कंटिन्युइटी) लावा. तरीही बीप वाजला तर आतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, चिकटलेत. घासून पुन्हा लावू नका, पुन्हा चिकटतील. यावल तालुक्यात एका मळ्यावर मी तेच केलं होतं, मालकांचा खर्च वाचावा म्हणून. महिन्याभरात पॉइंट पुन्हा चिकटले, रात्री पंप बंद झाला नाही, त्यात सक्शनचा व्हॉल्व्ह कोणीतरी बंद केलेला. सकाळपर्यंत पंपाचं सील जळालं. तेव्हापासून मी टायमरवर थेट मोटर चालवत नाही.

कारण साधं आहे. टायमरवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा हीटरसारख्या लोडचा. मोटरसाठीचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो आणि बराच कमी असतो. तुमचा पंप चालताना ६-७ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट खेचतो. हा झटका रोज पॉइंटवर बसतो.

म्हणून टायमर बदला आणि सोबत काँटॅक्टर, म्हणजे कॉइलवर चालणारा मोठा स्विच, बसवा. टायमरने फक्त काँटॅक्टरची कॉइल ओढायची, मोटरचा करंट काँटॅक्टरने सांभाळायचा. एसी-३ (मोटर लोडसाठीच्या) रेटिंगचा १२ अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलवाला पुरतो. त्याखाली मोटरने जास्त करंट घेतला की पडणारी ओव्हरलोड रिले लावा आणि कॉइलची वायर रिलेच्या ९५-९६ नंबरच्या टर्मिनलमधून न्या, म्हणजे रिले पडली की काँटॅक्टर सुटेल. रिले तीन पोलची असते, पंप सिंगल फेज. अशा वेळी करंट तिन्ही पोलमधून एकापाठोपाठ फिरवून न्यायचा. एकाच पोलमधून नेला तर रिले विनाकारण पडत राहते, आणि मग लोक वैतागून ती काढूनच टाकतात.

उन्हाळ्यात तुमच्याकडे व्होल्टेज १८० पर्यंत उतरत असेल, तर काँटॅक्टर नीट ओढत नाही, खडखडतो आणि त्याचे पॉइंट जळतात. आधी लो-हाय व्होल्टेज कट-ऑफ लावा. लाइट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग पंप सुरू करणारा मिळतो, तोच घ्या. पॅनल सावलीत असू द्या आणि क्लोरीनच्या डब्यांपासून लांब, त्या वाफेने तांब्याचे टर्मिनल हिरवे पडतात. पंप नुसता गुणगुणत असेल, फिरत नसेल, तर टायमरला हात लावू नका, आधी मोटरचा कंडेन्सर (कपॅसिटर) तपासा.

वेळ किती लावायची, तर पूलचे लिटर भागिले पंपाचे तासाचे लिटर. ५० हजार लिटरचा पूल आणि तासाला १० हजारांचा पंप असेल, तर दिवसाला किमान पाच तास. उन्हाळ्यात मी दीडपट लावतो. उन्हात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून ते संध्याकाळी टाका आणि त्यानंतर तासभर तरी पंप चालेल असा एक टप्पा टायमरवर ठेवा.

शेवटचं, आणि हे टाळू नका. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हवाच, अर्थिंगही मोजून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही तो पडला नाही, तर नवा बसेपर्यंत पोरांना पाण्यात उतरू देऊ नका.