आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ: इंग्रजी फॉर्मवर सगळ्यांना ‘कझिन’च लिहायचं का?

मुळीच नाही. नातं उलगडून लिहा: फादर्स सिस्टर्स सन, मदर्स ब्रदर्स डॉटर. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं परिशिष्ट, म्हणजे वारसांची यादी, इंग्रजीतच आहे, पण त्यातही अंकल-नेफ्यू नाहीत. सरळ ब्रदर्स सन, सिस्टर्स सन, मदर्स ब्रदर असं छापलंय.

हे मला पाठ झालं ते आमच्या धाकट्या भावजींच्या कृपेने. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर चुलत सासऱ्यांच्या नावावर. लग्न केलं नव्हतं, मृत्युपत्र नाही, आईवडील-भावंडं आधीच गेलेली. तलाठ्याकडे पेढीनाम्याचा, म्हणजे वंशावळीच्या दाखल्याचा, अर्ज करायचा म्हणून भावजींनी यादी केली. स्वतःच्या आणि ह्यांच्या नावापुढे ‘नेफ्यू’, आतेनणंदेच्या आणि तिच्या भावाच्या नावापुढे ‘कझिन’. म्हटलं, “अहो, कझिन तुमचे! काकांचे ते सख्खे भाचा-भाची.” तर म्हणतात, “वहिनी, घर आपल्या आडनावाचं आहे. भाच्यांचा काय संबंध?”

काकांना शेवटी उठवत नव्हतं तेव्हा मांजलपूरहून डबा घेऊन रोज येणारी हीच नणंद. आडनाववाले फोनवर “कसं काय, बरं ना?” एवढंच विचारत होते.

वकिलांनी यादीतल्या दोन्ही ‘कझिन’वर लाल रेघ मारली आणि भावजींनाच परिशिष्ट मोठ्याने वाचायला लावलं. वर्ग दोन, नोंद चौथी: पुतण्या, भाचा, पुतणी, भाची एकाच ओळीत. कलम ११ प्रमाणे सगळ्यांना सारखा हिस्सा. म्हणून सांगते, वारसाच्या कागदावर नातं गेलेल्या माणसाशी काय ते लिहायचं, अर्ज करणाऱ्याशी नाही. आणि यादी ज्याला घर हवंय त्याच्या हातात देऊच नका.

अर्थात हे पुरुष वारला तर. बाईच्या मागे कलम १५ लागतं, तिथे क्रम वेगळा. एखादं भावंड हयात असेल तर भाचे-पुतण्यांपर्यंत गोष्ट येतच नाही, आणि मृत्युपत्र असेल तर सगळाच प्रश्न मिटला.

इंग्रजीत कझिनला ‘वन्स रिमूव्हड’ कधी म्हणतात, हेही तुम्ही विचारलंय. त्यात एका पिढीचा फरक: वडिलांचा चुलतभाऊ तुमचा फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड. फॉर्मच्या यादीत नुसतं ‘कझिन’च असेल तर मुकाट्याने तेच निवडा, तिथे भांडून उपयोग नाही.

भावजी, वाचत असाल तर वाटणीचा कागद अजून तुमच्याच सहीसाठी अडलाय.