संशय घरातल्याच माणसावर: वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी कौटुंबिक सायकॉलॉजिकल थ्रिलरवर प्रश्न मागवले आणि एवढे आले की सगळे घेणं शक्यच नव्हतं, त्यातले निवडक खाली घेतलेत. काही ठिकाणी रहस्य फोडावं लागलंय, ज्यांना चालत नाही त्यांनी गोष्टीचं नाव दिसलं की पुढच्या प्रश्नावर उडी मारा.

प्रश्न: ताई, या गोष्टींमधल्या बायका एवढ्या मंद का असतात? नवरा रात्री कुठे जातो माहीत नाही, पैसे गायब, खिशात कोणाची तरी किल्ली, आपल्याला दहाव्या पानावर कळतं आणि हिला शेवटपर्यंत पत्ता नाही. जाम चिडचिड होते.

उत्तर: होते ना, मलाही होते. पण एक बघा, आपण पुस्तक हातात घेतो तेच मुळी कोणीतरी घोळ घालणारे हे धरून, कव्हरवरच तसं छापलेलं असतं. तिला ते कव्हर दिसत नाही. तिच्यासाठी तो नवरा आहे, ज्याच्यासोबत तिने घर, पोरं, कर्ज, आजारपणं सगळं काढलंय. जेनिफर फ्राइड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत (तो जुना फ्रॉइड नव्हे), त्यांनी 1990च्या दशकात असं मांडलं की ज्या माणसावर आपलं जगणं अवलंबून असतं त्याने केलेला दगा आपल्याला पटकन दिसतच नाही, कारण दिसला तर काहीतरी करावं लागेल आणि करायची सोय तर नसते. मग डोकं परस्परच तडजोड करून टाकतं, तुम्हाला विचारतसुद्धा नाही.

त्यामुळे मी एकच गोष्ट बघते, न बघून तिला काय मिळतंय हे लेखकाने दाखवलंय की नाही. दाखवलं असेल तर ती मंद नाही, अडकलेली आहे. नसेल दाखवलं तर मग लेखकच आळशी आहे, तुमची चिडचिड बरोबर.

हिचकॉकचा 1941चा 'सस्पिशन' बघा यासाठी. नवरा उधळ्या, थापाड्या, आणि बायकोला हळूहळू वाटायला लागतं की हा आपल्याला विष घालणार. रात्री तो तिच्यासाठी दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो, बाकी सगळा अंधार आणि तो ग्लास तेवढा चमकतोय, कारण हिचकॉकने चक्क त्या दुधात छोटा बल्ब ठेवला होता. आता दूध आणून देणं यात वाईट काय आहे? काहीच नाही, काळजी करणारा नवरा पण हेच करेल. काळजी आणि खून दोन्ही एकाच ट्रेवरून वर येतंय, आणि म्हणूनच आपला श्वास अडकतो. (ज्या कादंबरीवरून सिनेमा केला त्यात नवरा खरंच खुनी आहे, सिनेमात निर्दोष केला. शेवट थोडा चिकटवल्यासारखा वाटतो, पण जिना मात्र विसरता येत नाही.)

प्रश्न: 'दृश्यम' बघताना आपण सगळे बापाच्या बाजूने असतो. पण दुसऱ्या गोष्टीत बाप पोरासाठी पुरावा लपवतो तेव्हा त्याचा राग येतो. हा दुटप्पीपणा नाही का?

उत्तर: दुटप्पीपणा नाही हो, आपल्याला कुठे बसवलंय त्याचा फरक आहे. 'दृश्यम'मध्ये, 2013चा मल्याळम घ्या की 2015चा हिंदी, घरात काय घडलं ते आपण स्वतः बघितलेलं असतं, म्हणजे आपण त्या घरातलेच एक मेंबर. संशय सगळा बाहेरून येतो, पोलिसांकडून, घरातले एकमेकांवर संशय घेतच नाहीत. प्रश्न एवढाच की भिंत कुठून फुटणार, आणि म्हणून पोलिसांचा सगळा जोर सगळ्यात धाकट्या पोरीवर पडतो.

आता दुसरीकडे या. विल्यम लँडे यांची 'डिफेंडिंग जेकब' म्हणून 2012ची कादंबरी आहे, 2020मध्ये त्यावर सिरीजही आली. बाप सरकारी वकील, पोराच्या शाळेतल्या मुलाचा खून झालाय, आणि बापाला स्वतःच्या पोराच्या ड्रॉवरमध्ये चाकू सापडतो. तो त्या चाकूची विल्हेवाट लावतो. वर म्हणतो काय, तर माझा पोरावर पूर्ण विश्वास आहे. अरे मग चाकू फेकलास कशाला? विश्वास असता तर तोच चाकू घेऊन पोलिसांकडे गेला असतास, म्हणाला असतास की घ्या, तपासा. म्हणजे ज्या कृतीला तो निष्ठा म्हणतोय तीच त्याच्या संशयाची कबुली आहे, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना दिसतं, त्याच्या बायकोला तर सगळ्यात आधी. तिला पोराबद्दल शंका येते आणि ती शंका तिला आतून खाते, पण माझ्या मते त्या घरात प्रामाणिक तीच आहे. तुम्हाला राग येतो तो गुन्हा लपवल्याचा नाही, तो स्वतःला फसवतोय त्याचा येतो.

तर या प्रकारच्या गोष्टींमध्ये मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच, निष्ठा एका पारड्यात आणि संशय दुसऱ्या असं कधी नसतंच, एकाच हाताने एकाच वेळी दोन्ही चाललेलं असतं.

प्रश्न: प्रत्येक गोष्टीत शांत, कमी बोलणारा भाऊच गुन्हेगार का निघतो?

उत्तर: कारण बडबड्याचा संवाद लिहायला मेहनत लागते. पुढे.

प्रश्न: नायिकेला लहानपणीचं काहीच आठवत नाही, मग घरी परत जाते आणि एकेक आठवायला लागतं, हा फॉर्म्युला खरा आहे का? असं दाबून ठेवलेलं आठवतं का माणसाला?

उत्तर: यावर मानसशास्त्रात तुफान भांडणं झालीयेत, पण थ्रिलरवाल्यांना उपयोगी असा एक प्रयोग सांगते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 1995 साली 24 जणांना त्यांच्या लहानपणीच्या चार घटना लिहून दिल्या. तीन खऱ्या, घरच्यांकडून विचारून घेतलेल्या. चौथी बनावट, की तू पाचेक वर्षांचा असताना शॉपिंग मॉलमध्ये हरवला होतास. साधारण पाव लोकांनी ती बनावट घटना थोडीफार किंवा पूर्ण आठवते म्हणून सांगितलं, काहींनी तर वर्णनं पण केली!

यात मला आठवणीपेक्षा घरचे जास्त इंटरेस्टिंग वाटतात. ती गोष्ट लोकांनी का गिळली, तर तुझ्या घरच्यांनी सांगितलंय म्हणून. आपलं पहिल्या काही वर्षांचं आयुष्य आपल्याला स्वतःला माहीतच नसतं, आईने, मावशीने, मोठ्या भावाने सांगितलं तेच खरं धरून आपण चालतो, दुसरा साक्षीदार असतोच कुठे. तेव्हा तुमच्या त्या फॉर्म्युल्यात नायिकेला अचानक फ्लॅश येऊन सगळं स्वच्छ दिसतं तो भाग मला पटत नाही. पण तिला काहीतरी आठवतंय आणि आई शांतपणे म्हणते, "अगं ते तुझ्या बाबतीत नाही, ताईच्या बाबतीत झालं होतं", आणि आता कोणाचं खरं मानायचं ते तिलाच कळत नाही, हे मात्र शंभर टक्के जमण्यासारखं आहे.

प्रश्न: हल्ली नवरा साधं खोटं बोलला तरी 'गॅसलाइटिंग' म्हणतात. नक्की काय असतं ते?

उत्तर: खोटं बोलणारा फक्त माहिती लपवतो. इथे तुमचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घ्यायचा असतो. हे आलं पॅट्रिक हॅमिल्टनच्या 1938च्या नाटकातून, 'गॅस लाइट'. नवरा वस्तू लपवतो आणि बायकोला म्हणतो तूच हरवल्यास, तुझं डोकं ठिकाणावर नाही. आता गंमत म्हणजे बऱ्याच लोकांना वाटतं की तिला वेडं ठरवायला तो मुद्दाम दिवे मंद करतो. तसं नाहीये! तो चोरून वरच्या मजल्यावर दागिने शोधत असतो, तिथे गॅसचा दिवा लावला की खालचा आपोआप मंद होतो. ती त्याची चाल नव्हेच, तो त्याचा हलगर्जीपणा आहे आणि तिच्याकडचा एकमेव खरा पुरावा. पुढे घरात बाहेरचा एक निवृत्त तपास अधिकारी येतो, त्यालाही दिवा मंद झालेला दिसतो, आणि तिथे नाटक फिरतं. दुसऱ्या कोणाला तरी दिसणं, बस, तिला एवढंच हवं असतं.

प्रश्न: मी पहिलीच कादंबरी लिहितोय. वडील वारलेत, आजारपणात धाकटा भाऊ औषधं द्यायचा, थोरल्या बहिणीला संशय येतो की त्यानेच काहीतरी केलं. मित्रांना वाचायला दिली तर सगळ्यांनी पहिल्या पाव भागातच ओळखलं. ट्विस्ट कुठे टाकू?

उत्तर: ट्विस्ट राहू द्या बाजूला. तुम्ही सारांश पाठवलाय त्यात भावाला कर्ज आहे, तो रात्री कोणाशी तरी फोनवर हळू बोलतो, बहिणीची नजर चुकवतो. सगळे बाण एकाच दिशेला, मग ओळखणार नाही तर काय. आणि ते नजर चुकवणं तर आधी काढा. 2006 साली बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी दोनशेच्या वर अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तर खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्केच बरोबर निघाली, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जरा बरं. डोळ्यांवरून काही कळत नाही हो. पण आपल्या भावाचे डोळे आपल्याला वाचता येतात अशी बहिणीची ठाम समजूत असेल, आणि ती समजूत चुकत असेल, तर तिथे गोष्ट आहे.

पुरावा असा द्या की जो दोन्हीकडून वाचता येईल. समजा भाऊ औषधांची नोंद एका वहीत ठेवायचा, वेळ, गोळी, किती. बहिणीला वही सापडते. शेवटच्या आठवड्याची पानं एकदम स्वच्छ, एकाच पेनाने, एकाच लयीत लिहिलेली, कुठे खाडाखोड नाही की पाण्याचा डाग नाही, म्हणजे सरळ सरळ एका बैठकीत भरलेली. आता हे कशाचं लक्षण? मागाहून पुरावा तयार केल्याचं? की महिनोन्‌महिने रात्री जागून पार थकलेल्या माणसाने आठवडाभराचं एकदम भरून टाकलं, जसं कोणीही करेल? वाचकाने आधी पहिलं म्हणावं, मग दुसरं, मग परत पहिलं.

दुसरं म्हणजे, संशय घेण्यात बहिणीचा फायदा काय? हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेलाच दिसत नाही. ती त्या आजारपणात किती वेळा आली होती? जर भावाने मारलं असेल तर ती आली नाही याला काही अर्थच उरत नाही, सगळा दोष त्याचा. भाऊ गुन्हेगार निघावा अशी तिची आतून थोडी इच्छा असू द्या, तिला स्वतःला न कळणारी. लगेच तुमची निवेदक भरवशाची राहत नाही आणि त्यासाठी स्मृतिभ्रंश, दारू, झोपेच्या गोळ्या असलं काही आणावं लागत नाही.

तिसरं, तिने त्याला विचारायचं ते शेवटी नको, मध्यावरच विचारू द्या. "तू शेवटच्या दिवशी गोळी दिली होतीस ना?" एवढंच. हे एकदा तोंडातून गेलं की मागे घेता येत नाही, तो निर्दोष असला तरी नातं तिथे संपलं, आणि उरलेली अर्धी कादंबरी या दोघांना वडिलांच्या कागदपत्रांसाठी एकाच घरात राहायचंय. भावाने काय उत्तर द्यावं? "नाही" म्हणू नये. त्याने म्हणावं, "तू होतीस कुठे तेव्हा?" दुखावलेला माणूसही हेच म्हणेल आणि पकडला गेलेलाही. वाक्य तेच.

आणि शेवटी गुन्हेगाराने चार पानं उभं राहून सगळं समजावून सांगायचं, ते प्लीज नको.

प्रश्न: असली पुस्तकं लागोपाठ वाचून मी नवऱ्याचा फोन चेक करायला लागलेय. हसू नका.

उत्तर: नाही हसत. थोडे दिवस काहीतरी वेगळं वाचा, बरेचदा एवढ्यावर उतरतं. फोन चेक करायचा तोटा असा की काही सापडलं नाही तरी समाधान होत नाही, उलट वाटतं की डिलीट केलं असेल. पण पुस्तकांच्या आधीपासून मनात काही असेल, त्याची भीती वाटत असेल, तर ते पुस्तकावर ढकलू नका. विश्वासातल्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला, ते माझ्या सदराचं काम नाही.

प्रश्न: शेवट उघडा सोडणं म्हणजे लेखकाला सुचलं नाही असंच ना?

उत्तर: बरेचदा हो. पण डॅफ्नी द्यू मॉरिएची 1951ची 'माय कझिन रेचल' वाचा आणि मग बोलू. फिलिपला वाढवणारा चुलतभाऊ परदेशात लग्न करतो, बायको विष घालतेय अशा अर्थाची पत्रं पाठवतो आणि मरतो. मेंदूच्या आजाराने त्याला भास होत असतील असंही निघतं. मग ती विधवा रेचल फिलिपच्या घरी येते, तो प्रेमात पडतो, सगळं तिच्या नावावर करतो आणि आजारी पडतो. ती त्याला औषधी काढे करून देते, त्यानेच तो बरा होतो की त्यानेच आजारी पडतो, सांगता येत नाही. तिच्याकडे विषारी बिया सापडतात, पण तिला झाडांची आवडही असतेच की. रेचल दोषी होती का, याचं उत्तर पुस्तकात नाही आणि ते विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम नाही. एक पूल धोक्याचा आहे हे फिलिपला माहीत असतं, ती तिकडे जाणार हे दिसत असतं आणि तो तिला सांगत नाही. ती पडते, मरते. तिचा गुन्हा शेवटपर्यंत अंधारात राहतो, याचा मात्र त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला आहे.