जोडीने टायर बदलू नका : ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : माझी एसयूव्ही ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशी आहे. टायर २१५/६० आर १७. कासच्या रस्त्यावर दगडाने मागचा एक टायर बाजूने फाटला. बाकीच्या तिघांवर ४ मिमी नक्षी (खाचांची खोली) शिल्लक आहे. टायरवाले म्हणतात, मागची जोडी बदला. सर्व्हिस सेंटर चारही बदलायला सांगतंय. हा नुसता धंदा आहे का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : या वेळी तरी नाही. जोडीने बदलण्याचा सल्ला पुढच्या दोनच चाकांवर चालणाऱ्या गाडीला बरोबर आहे. तुमच्या गाडीला नेमका तोच महागात पडेल.

नव्या टायरवर साधारण ८ मिमी नक्षी असते. म्हणजे नवा टायर तुमच्या जुन्यापेक्षा त्रिज्येत ४ मिमी मोठा आणि घेरात सुमारे २५ मिमी मोठा. तुमच्या मापाचा घेर कागदावर २१६७ मिमी येतो. असा नवा टायर किलोमीटरला ४६१ फेरे घेईल, झिजलेला ४६७ च्या आसपास. साताऱ्याहून पुण्याला पोचेपर्यंत हा फरक सहाशे फेऱ्यांच्या घरात जातो. गाडीचा भार पडल्यावर आकडे थोडे बदलतात, पण फरक संपत नाही.

हे जादा फेरे कुठेतरी जिरावे लागतात. एकाच धुरेवरच्या डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळतं, ते त्याचं कामच आहे. पुढची धुरा आणि मागची धुरा यांच्यातला फरक मात्र मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी बसवलेल्या कपलिंगवर येतो. त्यात क्लच प्लेटांचा गठ्ठा असतो. मागची जोडी नवी घातलीत तर मागचा शाफ्ट सतत हळू फिरेल. कंट्रोल युनिटला वाटू शकतं की पुढची चाकं घसरताहेत. मग कोरड्या हायवेवरही ते प्लेटा दाबत राहील. प्लेटा घासतात, तेल तापून काळं पडतं, आणि शेवटी कपलिंग बदलायची वेळ येते. त्यापुढे टायरचा खर्च किरकोळ वाटेल.

एकच टायर नवा घातला तर धुरेची सरासरी निघते आणि कपलिंगवर निम्माच फरक जातो. म्हणजे कपलिंगपुरतं पाहिलं तर एक टायर बदलणं जोडी बदलण्यापेक्षा कमी वाईट. पण मग मागचं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही अखंड काम करत राहतं, ते त्यासाठी बनवलेलं नाही.

किती फरक चालतो? सुबारू ही कंपनी घेरात पाव इंच, म्हणजे ६.४ मिमीच मान्य करते. नक्षीत मोजलं तर तो जेमतेम १ मिमी होतो. इतर अनेक कंपन्या नक्षीत २ ते ३ मिमीपर्यंत चालवून घेतात. तुमचा फरक ४ आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा माना.

चार नवे घ्यायचे नसतील तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, ४ ते ५ मिमी नक्षीचा एक वापरलेला टायर शोधा. चारही बदलणारे लोक असे टायर दुकानात सोडून जातात. घेताना बाजूवरचा चार आकडी कोड वाचा : २४२३ म्हणजे २०२३ सालचा २४ वा आठवडा. आतून पॅच किंवा बाजूला फुगवटा असेल तर फुकटही नको. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, तर अजिबात नको. स्टेपनी त्याच मापाची असेल तर तिचीही नक्षी मोजा, पण कोरी स्टेपनी म्हणजे पुन्हा तोच ४ मिमीचा घोळ.

बसवल्यावर घेर मोजा. सकाळी थंड टायरमध्ये चारही चाकांना हवा सारखी भरा. सपाट फरशीवर टायर टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या, पुन्हा खूण करा, अंतर टेपने मोजा. पाच फेऱ्यांचं अंतर घेऊन पाचाने भागलं तर चूक आणखी कमी होते. मापं एकच असूनही दोन कंपन्यांचे टायर इथे वेगळे भरतात, म्हणून ब्रँडची सरमिसळ टाळायची.

प्रश्न : जर्मन गाड्यांना कंपनीच पुढे-मागे वेगळे टायर देते. मग मी २१५/६० आर १७ च्या जागी फक्त मागे २३५/६० आर १७ घातले तर काय बिघडलं?
– विश्रामबाग, सांगली

उत्तर : त्या गाड्यांत रुंदी वेगळी असते, घेर नाही. पुढे २४५/४५ आर १९ आणि मागे २७५/४० आर १९ ही जोडी घ्या. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या उंचीचे टक्के, आर नंतरचा रिमचा व्यास इंचांत. रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट, अधिक रिमचे मिलिमीटर असा हिशेब करा : पुढचा व्यास ७०३.१, मागचा ७०२.६ मिमी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक.

तुमच्या बेतात पुढे ६८९.८ आणि मागे ७१३.८ येतात. घेरात ७५ मिमी, किलोमीटरला पंधरा-सोळा फेऱ्यांचा फरक. हा प्रयोग करूच नका. २३५/५५ आर १७ चा व्यास ६९०.३ येतो, तो कागदावर जुळतो. तरीही फक्त मागे घातलात तर पुढे-मागे अदलाबदल करता येणार नाही, झीज वेगळी होईल आणि वर्षभरात घेरांत पुन्हा फरक पडेल. हौस असेलच तर चारही एकदम बदला, रिमची रुंदी त्या टायरला चालते का ते तपासून. भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो.

प्रश्न : लिव्हरवाली फोर-बाय-फोर जीप आहे. पुढे जुने, मागे नवे टायर आहेत. चालेल?
– कराड

उत्तर : टू-हायमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना चालेल, कारण पुढची धुरा मोकळी असते. फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं ओढत असताना, पुढचा-मागचा दोन्ही शाफ्ट घट्ट बांधले जातात, मध्ये ना कपलिंग ना डिफरन्शियल. बामणोलीकडच्या चिखलात चाकं घसरून फरक फेडतात. कोरड्या डांबरावर मात्र ताण साठतो आणि लिव्हर अडकतो. तसं झालं तर जोर लावू नका, गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्या. माप मात्र चारही चाकांना एकच हवं.

प्रश्न : फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टरला मागे १३.६-२८ होते, ते काढून १४.९-२८ घातले. पुढचे तसेच आहेत. आता स्टिअरिंग जड झालं आणि पुढचे टायर लवकर जाताहेत.
– तासगाव

उत्तर : ट्रॅक्टरचं गणित कारच्या उलट. इथे पुढची चाकं मागच्यांपेक्षा मुद्दाम थोडी जास्त पळवलेली असतात. ही आघाडी साधारण १ ते ५ टक्के ठेवतात, म्हणजे पुढची धुरा ओढत राहते. १४.९-२८ चा घेर १३.६-२८ पेक्षा सुमारे ४ टक्के मोठा आहे, त्यामुळे तुमची आघाडी बहुधा शून्यावर किंवा त्याखाली गेली आहे. पुढची चाकं आता ओढायच्या ऐवजी ढकलली जाताहेत.

खात्री करायला शेतातली टणक, सपाट पट्टी निवडा. फोर-व्हील काढून मागच्या चाकाचे १० फेरे होऊ द्या आणि पुढच्या चाकाचे फेरे पाव-पाव फेऱ्यापर्यंत मोजा. मग फोर-व्हील लावून तेच करा. आधी १६, नंतर १६.५ आले तर अर्धा भागिले १६, म्हणजे ३ टक्के आघाडी, ठीक आहे. दोन्ही आकडे सारखे आले किंवा दुसरा कमी आला तर पुस्तिकेतल्या कोष्टकात १४.९-२८ शी जुळणारं पुढचं माप पाहून ते घाला, नाहीतर मागचं जुनं माप परत आणा. तोपर्यंत, आणि एरवीही, उसाची ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने कारखान्याकडे जाताना फोर-व्हील काढूनच चला.

प्रश्न : स्टेपनी बारीक दिली आहे. ऑल-व्हील-ड्राइव्हला ती चालते का?
– विटा

उत्तर : पंक्चरवाल्यापर्यंत जायला चालते. तिच्यावर ताशी ८० किमीची वेगमर्यादा छापलेली असते. घाट असेल तर ५०-६० च्या आतच ठेवा. लॉक मोड (पुढची-मागची धुरा बांधून ठेवणारा) लावू नका, ऑटोवर चला. गाडीला ऑल-व्हील बंद करायची सोय असेल तर बंद करा. तिच्यावर विट्याहून मुंबई गाठायचा विचार मात्र सोडा.